पोटावरची नागमोडी रेघ

माणूस पक्ष बदलतो आणि पाणउतारा होतो सरड्याचा. निवडणुकीच्या दिवसांत यवतमाळच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहा, सरड्याचं नाव निघाल्याशिवाय कप रिकामा होत नाही. त्याची बाजू मांडणारा वकील मात्र मला एकच भेटला. तो आठवीत शिकतो, माझा भाचा आहे, आणि त्याचं अशील जपानी आहे.

अशिलाचं नाव केक्लिऑन. पोकेमॉनच्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’ या खेळांतून तो 2002 च्या नोव्हेंबरात जपानात पहिल्यांदा प्रकटला. अनुक्रमांक 352, उंची 1 मीटर, वजन 22 किलो. हिरवं अंग, गुंडाळलेली शेपटी आणि पोटावर लाल नागमोडी रेघ. आपल्याकडे पोकेमॉन मंडळी आली ती 2003 साली, कार्टून नेटवर्कवरून, हिंदी बोलत. खेळाची ती महागडी काडतुसं आमच्या गावात कुणी पाहिली नव्हती. चिप्सच्या पुड्यांतल्या टाझोंवर भागवलेली ती पिढी. आता सगळं फोनात आहे, आणि फोन भाच्याच्या हातात.

“मामा, हा पूल पाहा,” तो एकदा म्हणाला. पाहिला. पूल होता, पलीकडे रस्ता मोकळा होता, पण त्याचा खेळाडू काही पुढे सरकेना. “कोणीच नाही तर अडलं कशाला?” मी विचारलं. “कोणी दिसत नाही म्हणूनच तर अडलं ना!” पुलावर केक्लिऑन बसलेला असतो. आजूबाजूच्या रंगात तो इतका मिसळतो, की स्टीव्हन नावाचा एक सज्जन येऊन ‘डेव्हॉन स्कोप’ नावाची दुर्बीण देईपर्यंत तो दिसतच नाही. मला एकदम सरकारी कचेरीतली ती फाइल आठवली, जिच्यात ‘काहीच अडचण नाही’ असं सगळे सांगतात आणि जी तरीही टेबलावरून हलत नाही. तिथेही कुणीतरी अंगाचा रंग भिंतीसारखा करून बसलेलं असणार. स्टीव्हनची बदली अजून आमच्या जिल्ह्यात झालेली नाही, एवढंच.

पण खरी गोम पुढे आहे. लढाईत केक्लिऑनवर आगीचा हल्ला झाला तर तो आगीच्या जातीचा होतो, पाण्याचा झाला तर पाण्याच्या. ज्याचा मार खाल्ला, त्याच्याच गोत्रात. या विद्येला खेळात रंगबदल म्हणतात, पण पडद्यावर पाहावं तर चित्र होतं तसंच हिरवं. रंग बदलल्याचा बोभाटा सगळा, अंगावर मात्र काडीचा फरक नाही. आणि स्वतःहून जिथे तो खरोखर रंग बदलतो, तिथेही पोटावरची लाल रेघ काही त्याला बदलता येत नाही. इतकं लपून शेवटी त्या रेघेने पकडला जाणारा प्राणी मला फार जवळचा वाटला.

अस्सल प्राण्याचा कारभार याहून उलटा आहे. भारतात शॅमेलिऑन सरड्याची एकच जात आढळते. काही लोक त्याला घोयरा म्हणतात. कोरड्या पानगळीच्या रानात राहणारा हा जीव. डावा डोळा एकीकडे, उजवा दुसरीकडे, आणि चाल अशी की प्रत्येक पावलाआधी मागेपुढे डुलून विचार करणार. आमच्या टिपेश्वर अभयारण्यात जिप्सीतून येणाऱ्या पाहुण्यांना वाघ हवा असतो. झुडपातल्या घोयऱ्यासाठी गाडी थांबवा म्हणणारा पाहुणा अजून माझ्या पाहण्यात नाही. दिसलाच कुठे बांधावर, तर विषारी म्हणून काठी पडते. वास्तविक त्याच्यात विष नाही, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे. काठीला कायदा वाचता येत नाही.

तर हा घोयरा रंग बदलतो तो मुख्यतः लपण्यासाठी नव्हेच. थंड सकाळी ऊन शोषायला तो काळपट होतो, उन्हाचा चटका वाढला की फिकटतो. प्रतिस्पर्धी दिसला, मादी दिसली, राग आला, की अंगावर उमटतं. 2015 साली जिनिव्हाच्या संशोधकांनी मादागास्करच्या एका शॅमेलिऑनमध्ये दाखवलं, की त्याच्या कातडीत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. तो शांत असला की ते जवळजवळ, भडकला की त्यांच्यात अंतर पडतं, आणि परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. म्हणजे मनात आलेलं लपवण्याची सोयच नाही. आपल्या कुंपणावरचा साधा सरडा तरी काय करतो? विणीच्या दिवसांत नराचं डोकं लालबुंद होतं आणि तो सगळ्या आळीसमोर माना डोलावत बसतो. असल्या उघड्या माणसाला कुठल्याही पक्षाने तिकीट दिलं नसतं. आणि रात्री झोपला की घोयरा इतका फिका पडतो, की फांदीवर टॉर्च मारताच उठून दिसतो. लपण्यातला तज्ज्ञ म्हणून ज्याची ख्याती, तो झोपेत सापडतो.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मंग आपली कपाशी पण तशीच ना?” पोरगा शेतकऱ्याचा आहे. अमेरिकन कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढुरकं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. त्याला कुणी पलटूराम म्हटल्याचं ऐकिवात नाही. ‘लाल्या’ आला की पानं लालसर पडतात. मॅग्नेशियम कमी पडलं, रात्री गारठल्या, तुडतुड्यांनी रस शोषला, यातलं जे सोसलं ते पानावर उमटलं. शेतकरी बांधावरूनच ओळखतो. त्याला कुणी दुर्बीण द्यावी लागत नाही.

सध्या पोराचं सगळं लक्ष चमकत्या केक्लिऑनवर आहे. या खेळात प्रत्येक प्राण्याचा एक दुर्मिळ, निराळ्या रंगाचा अवतार असतो, आणि त्या जुन्या खेळांत तो भेटण्याची शक्यता 8192 त एक. जगभर ज्याचं नाव रंग बदलण्यासाठी, त्याचा दुर्मिळ अवतार कसा असावा? अंग तसंच हिरवं. बदलते फक्त पोटावरची रेघ, जी एरवी त्याला बदलताच येत नाही. लालची निळी होते. परवा एकदाचा तो सापडला आणि भाचा घरभर नाचला. माझ्या आईने चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिलं.

“हिरवा होता, हिरवाच हाय,” ती म्हणाली. “मंग काहून नाचून रायला हा?”

“आजी, रेघ पाह्य ना! निळी झाली!”

“पोट कोन पाहाते बाप्पा कोनाचं,” असं म्हणून तिने फोन परत केला आणि तूर निवडायला बसली.