अँपचा साधक
मराठी मध्यमवर्गात संगीतप्रेमी अनेक प्रकारचे असतात. त्यांपैकी दहा बाय बाराच्या झोपण्याच्या खोलीसाठी 'बजेटमध्ये बसणारा' अँप्लिफायर शोधणारा गृहस्थ संख्येने थोडा असला, तरी चिकाटीत कोणालाही हार जाणारा नाही. अँप्लिफायर म्हणजे फोनमधून किंवा सीडी प्लेअरमधून येणारा क्षीण विद्युत्-संकेत स्पीकरचा पडदा हलवू शकेल इतका बलवान करणारा डबा. त्यातच रेडिओचा ट्यूनर बसवला की त्याला रिसीव्हर म्हणतात. निवड वस्तुतः एवढ्यावर आटोपावी, पण या गृहस्थाची ती इथून सुरू होते.

खोक्यावर छापलेला 'पीएमपीओ' हा क्षणिक शिखराचा, आणि बहुधा उदार हस्ते फुगवलेला आकडा असून सलग मिळणारी शक्ती आरएमएस वॉटमध्ये सांगतात, हे तो लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला मागची गिऱ्हाइके ताटकळत असताना समजावतो; हे ज्ञान पूर्वी अनेकांकडून मिळालेले असल्याने दुकानदार "साहेब, घ्यायचाय का?" एवढेच विचारतो. पन्नासाऐवजी शंभर वॉट घेतल्याने आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते, हेही त्याला तोंडपाठ असते. आपल्या स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल आहे, म्हणजे १ वॉट दिला असता १ मीटरवर तेवढा आवाज मिळतो, आणि तेवढ्यानेच शेजारी दार वाजवतील, हा हिशेब तो स्वतःच मांडतो. मग 'हेडरूम', म्हणजे संगीतातील आकस्मिक उसळीसाठीची राखीव शक्ती, हवीच म्हणून शंभर वॉटचा डबा बघू लागतो. (घरातली मंडळी दहाला झोपतात, उसळीला वाव केव्हा मिळणार, हे त्याने सांगितलेले नाही.)

१९७८ साली आलेल्या, अवघ्या २० वॉटच्या नॅड ३०२० या अँपचे नाव घेताना त्याचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. तोच अँप जुन्या बाजारात समोर आला, की मात्र आतले कपॅसिटर सुकले असतील या शंकेने गृहस्थ मागे फिरतो. क्लास-डी पद्धतीत ट्रान्झिस्टर अतिवेगाने पूर्ण चालू वा पूर्ण बंद होत राहतात, त्यामुळे उष्णता कमी आणि डबा तळहाताएवढा, हे तत्त्व त्याला तंतोतंत पटते. पण तो डबा हातावर कलिंगडासारखा तोलून पाहिल्यावर, आत जड ट्रान्सफॉर्मर नाही हे जाणवून, त्याचे मन खट्टू होते.

अखेर खरेदी होते, ती स्पीकरसाठी ठेवलेले पैसेही अँपमध्ये घालून. खोलीतला नाद अँपपेक्षा स्पीकर आणि त्यांची मांडणी अधिक ठरवतात; इथे तर एक जुना स्पीकर कपाटावर, तर दुसरा पडद्याआड. तानपुरा सुरू होताच गृहस्थ कपाटाशी स्टूल लावतो, त्या झंकारामागे विजेची गुणगुण येते का हे कान भिडवून ऐकतो आणि गायकाने पहिला षड्ज लावताच, तपासणी पूर्ण झाल्यामुळे, अँप बंद करतो.