गोलघुमट: उंची ८८ सेंटिमीटर

आप्पाकाकांचा छापील आकड्यांवर विश्वास नाही. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेलेल्या माणसाचा तो असणार तरी कसा? छापील आकडे कसे तयार होतात ते त्यांनी आतून पाहिलेलं. म्हणून सोलापूरहून विजापूरला जाऊन गोलघुमट बघायचा असं घरात ठरलं, तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. बघायचा नाही, मोजायचा.

सामान त्यांनी स्वतः भरलं. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातून ‘चुकून’ घरी आलेली तीस मीटरची टेप, कंपासपेटीतला कोनमापक, दोरा, आणि ओळंब्यासाठी सुमनआत्याच्या कपाटाची किल्ली. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आत्याने घेतली, नाहीतर आम्ही कोनमापकच खाल्ला असता. हिशेबाचं यंत्र मात्र आप्पांकडे नव्हतं. ते त्यांच्या नातीचं, मृण्मयीचं. ती इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला आहे. तिच्या कॅल्क्युलेटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून खोडलेली सूत्रं उन्हात तिरपं धरलं की वाचता येतात. “ती अभ्यासाची आहेत,” असं ती कुणी विचारायच्या आधीच सांगते.

बसमध्ये चढल्यावर पहिला वाद खिडकीचा. चार माणसं, चार जागा. मृण्मयीने चार दाबलं, मग शिफ्ट, मग उद्गारचिन्ह जिथे पिवळ्या रंगात छापलंय ते बटण, मग ‘बरोबर’. उत्तर आलं २४. म्हणजे आपण चोवीस प्रकारांनी बसू शकतो. आत्याला त्यातला एकच मान्य होता, आणि तोच झाला.

“शिफ्ट कशाला?” आप्पांनी विचारलं.

“आजोबा, एकेका बटणाला दोन-दोन, तीन-तीन कामं दिलीयत. पांढरं लिहिलंय ते साधं. वरचं पिवळं हवं तर आधी शिफ्ट. लाल हवं तर आधी अल्फा.”

“म्हणजे मूळ पदाचा कार्यभार आणि दोन अतिरिक्त कार्यभार,” आप्पा म्हणाले, आणि यंत्राबद्दल त्यांना प्रथमच आपुलकी वाटली.

पुढच्या थांब्यावर बस इतकी भरली, की माणसं एकमेकांच्या पिशव्यांमध्ये उभी राहिली. एवढी सगळी माणसं किती प्रकारांनी बसू शकतील, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. आप्पांनी डोकी मोजली, ती सत्तरच्या पुढे भरली. मृण्मयीने ७० घालून उद्गारचिन्ह दिलं. पडद्यावर ‘मॅथ एरर’. एकोणसत्तरपर्यंत यंत्र चालतं. ते उत्तर १.७११ गुणिले दहाचा ९८ वा घात एवढं येतं. सत्तरला मात्र दहाचा शंभरावा घात ओलांडला जातो, आणि तिथे त्याची धाव संपते. एसटीत सत्तरावा माणूस चढला की गणितशास्त्र हात टेकतं, हे कंडक्टरला अर्थातच ठाऊक होतं. तो म्हणाला, “मागं सरका, मागं मोकळं हाय.”

भीमेच्या पुलावरून बस पलीकडे धूळखेडला आली आणि पाट्या बदलल्या. अक्षरं कन्नड, आणि काही ठिकाणी आकडेही कन्नड. आत्याने लगेच पदर सावरला. परमुलखात आलो की आपण जरा सावध होतो. यंत्रातसुद्धा अशा हद्दी असतात, फक्त तिथली पाटी एका अक्षराची असते, पडद्याच्या माथ्यावर, मुंगीएवढी. डी, आर किंवा जी. ती वाचायला कुणी पदर सावरत नाही.

बसला शंभर किलोमीटरला दोन तास चाळीस मिनिटं लागली. सरासरी वेग काढणं हे आप्पा आपलं कर्तव्य मानतात. त्यांनी शंभर भागिले २.४० केलं आणि ४१.६७ जाहीर केलं. मृण्मयीने यंत्र काढून घेतलं. दोन तास चाळीस मिनिटं म्हणजे दोन पूर्णांक चाळीस शतांश नव्हे. अंश, मिनिट, सेकंद यांच्या खुणा असलेलं एक बटण असतं. दोन दाबा, ते बटण, चाळीस दाबा, पुन्हा ते बटण. कोनाचे अंश असोत की घड्याळाचे तास, दोघेही साठाच्या भाषेत बोलतात, म्हणून ते दोन्हीकडे चालतं. उत्तर आलं ३७.५. वेग एका झटक्यात चार किलोमीटरने उतरला. ड्रायव्हरला याची काही कल्पना नव्हती.

आप्पांचा स्वतःचा काळ लॉग टेबलचा. क्लार्क्स टेबल्सचं पुस्तक आणि सरकपट्टी, म्हणजे स्लाइड रूल. ती सरकपट्टी मोडीत काढली १९७२ साली आलेल्या एचपी-३५ या अमेरिकन यंत्राने. खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर तो. बटणं ३५, म्हणून नाव ३५, आणि किंमत ३९५ डॉलर. गंमत म्हणजे त्याला ‘बरोबर’चं बटणच नव्हतं. आधी दोन्ही आकडे सांगायचे आणि काय करायचं ते शेवटी, थेट मराठी वाक्यासारखं. हे यंत्र आपल्याकडे लोकप्रिय व्हायला हवं होतं. पण ३९५ डॉलरमध्ये त्या काळी सोलापुरात काय काय आलं असतं, याचा हिशेब आप्पा सरकपट्टीवरच करत बसले असणार.

गोलघुमट दिसला तेव्हा आप्पा गप्प झाले. तो मोठा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो इतका मोठा आहे हे समोर उभं राहिल्यावरच कळतं. मुहम्मद आदिलशहाने स्वतःच्या कबरीसाठी बांधायला घेतलेला, १६५६ च्या सुमाराला त्याच्या मृत्यूपाशी काम थांबलेला. सुमारे साडेसत्तेचाळीस मीटर बाजूचा एक दगडी ठोकळा, चार कोपऱ्यांना सात-सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे, आणि वर घुमट. आप्पांनी पाहिलं, चष्मा पुसला, आणि टेप उलगडली.

समोरच्या बाजूला नगारखान्यातलं संग्रहालय आडवं येतं, म्हणून आम्ही बगलेला गेलो. भिंतीपासून शंभर मीटर मोजायचे होते. टेपचं एक टोक मी धरलं. दुसऱ्या टेपात पहारेकरी आला. तिसऱ्या टेपापर्यंत पाच-सात माणसं जमली. टेप घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. “रस्ता रुंद होना है क्या?” एकाने काळजीने विचारलं. दुसऱ्याने आपली हातगाडी हळूच दोन फूट मागे घेतली.

शंभराव्या मीटरवर आप्पा उभे राहिले. कोनमापकाच्या सरळ कडेला शहाळ्याची नळी चिकटवली होती, त्यातून घुमटाचा माथा पाहायचा. लोंबणारी किल्ली ६८ वर स्थिरावली. नव्वदातून अडुसष्ट गेले, बावीस. बावीस अंशांचा कोन, शंभर मीटर पाया. आता टॅन बावीस गुणिले शंभर. दहावीतल्या पोरालाही जमावं.

आप्पांनी २२ दाबलं आणि मग टॅन. ‘सिंटॅक्स एरर’.

“आजोबा, हल्ली आधी टॅन, मग आकडा. कागदावर लिहितो तसं.”

“आमच्या वेळी आधी आकडा द्यायचा,” आप्पा म्हणाले, आणि एसी दाबून नव्याने टॅन, २२, गुणिले १००, बरोबर, असं प्रत्येक बटण मोठ्याने उच्चारत दाबलं. मग बराच वेळ बोलले नाहीत.

“किती?” आत्या.

“०.८८५.”

“काय, किलोमीटर?”

“मीटर.”

सगळ्यांनी वर पाहिलं. अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटरचा गोलघुमट उन्हात शांतपणे उभा होता. आप्पांनी डोळ्यांची उंची दीड मीटर धरून तीही मिळवली, तरी तो दोन मीटर अडतीसच्या वर जाईना. म्हणजे आमच्या घराच्या माळ्याएवढा. जमलेल्या माणसांतला एकजण म्हणाला, “मशीन चायना का है.”

यंत्र निर्दोष होतं. माथ्यावर ‘आर’ होता. मृण्मयीने परीक्षेत प्रत्यावर्ती विजेची गणितं सोडवताना ते रेडियनमध्ये ठेवलं होतं आणि परत आणलं नव्हतं. रेडियन म्हणजे काय, तर वर्तुळाची त्रिज्या त्याच्याच परिघावर वाकवून ठेवली की मध्यभागी जो कोन होतो तो, अंदाजे सत्तावन्न अंशांचा. अर्धं वर्तुळ म्हणजे पाय एवढे रेडियन. आणि इथे खरी मौज आहे. शाळेत आपण पायची किंमत काय घोकली? बावीस सप्तमांश. ती अगदी बरोबर नाही, पण फार जवळची आहे. म्हणजे सात अर्धी वर्तुळं मिळून जवळजवळ बावीस रेडियन. आप्पांची नजर यंत्राच्या मते साडेतीन गिरक्या घेऊन पुन्हा जमिनीला टेकली होती, फक्त अर्धा अंश वर. मग घुमट कमरेएवढाच येणार. दुसरा एखादा कोन असता तर उत्तर नुसतं चुकलं असतं. बावीसने ते इतक्या सुबकपणे चुकवलं, की शाळेच्या पुस्तकातून आलेला जुना हिशेब दारात उभा राहिला.

“बदल ते,” आप्पा म्हणाले, पण यंत्र दिलं नाही. तिने तोंडी सांगितलं. मोड दोनदा दाबा, पडद्यावर डेग, रॅड, ग्रा असं येईल, त्यांच्याखाली एक, दोन, तीन. आप्पांनी तीन दाबलं. उत्तर ३६. आप्पा खूष झाले, कारण हे इमारतीला शोभणारं होतं. पण आता माथ्यावर ‘जी’ होता. ग्रेडियन! काटकोनाचे नव्वद भाग न करता शंभर करणारं हे माप फ्रान्सच्या क्रांतीनंतर, जगातलं सगळं दहाच्या पटीत आणायचा निश्चय झाला तेव्हा पुढे आलं. ते यंत्रात मात्र अजून जागा अडवून आहे, आणि माझी खात्री आहे की ते फक्त आप्पांसारख्यांसाठी ठेवलंय. रेडियनची चूक निदान ओरडून सांगते. ग्रेडियनची चूक सभ्य कपडे घालून येते.

शेवटी एक दाबला. माथ्यावर ‘डी’. उत्तर ४०.४, दीड मिळवून ४१.९. माहितीपुस्तकं गोलघुमट एक्कावन्न मीटरच्या आसपास सांगतात. आप्पांचा चेहरा उजळला. “बघ! छापील आकडा. नऊ मीटर फुगवलाय.”

मृण्मयीने भिंतीकडे बोट दाखवलं. “आजोबा, टेप भिंतीपासून धरलीत. माथा भिंतीवर आहे का? तो मधोमध आहे. अर्धी इमारत मिळवा.”

साडेसत्तेचाळीसचे निम्मे पावणेचोवीस. पाया झाला पावणे एकशेचोवीस. टॅन बावीसने गुणून ५०, आणि दीड मीटर आप्पा. साडेएक्कावन्न. गर्दीतून टाळ्या पडल्या. हातगाडी पुन्हा दोन फूट पुढे आली.

मनोऱ्याच्या अरुंद जिन्याने आम्ही वर सज्जात गेलो, तेव्हा तिथे एका शाळेची सहल आधीच पोहोचली होती. या सज्जात एका बाजूला पुटपुटलेलं पलीकडे स्पष्ट ऐकू येतं, आणि एक टाळी परत परत वाजत राहते. आतला व्यास सुमारे ३८ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो, म्हणजे पलीकडे जाऊन परत यायला पाव सेकंदाहून थोडा कमी. मृण्मयी हा भागाकार करत होती. आप्पा पलीकडच्या टोकाला होते. तिने भिंतीशी तोंड नेऊन हळूच म्हटलं, “आजोबा, यंत्र माझ्याकडेच ठेवते.”

“नको!” आप्पा गरजले.

नको, नको, नको, असं घुमट किती वेळ म्हणत राहिला. सहलीतल्या पोरांना वाटलं हा खेळच आहे. चाळीस पोरांनी मिळून ‘नको’ सुरू केलं, आणि त्यांचे सर कानांवर हात ठेवून जिना उतरू लागले.

खाली आल्यावर मलिक-ए-मैदान तोफ बघायला टांगा ठरवायचा होता. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, म्हणून आत्याला ती माहेरची वाटत होती. टांगेवाला म्हणाला दोनशे. आप्पांना सगळं लेखी लागतं. त्यांनी यंत्र काढलं. आता शहाणपण आलेलं असल्यामुळे आधी ‘डी’ आहे ना याची खात्री करायला मोड दाबला, पण दोनदाऐवजी तीनदा. पडद्यावर फिक्स, साय, नॉर्म आलं. सायंटिफिक कॅल्क्युलेटर आहे तर सायच बरं, असा विचार करून त्यांनी दोन दाबलं. किती आकडे हवेत असं यंत्राने विचारलं. आप्पा काटकसरी. त्यांनी एक सांगितला. मग २०० टाकून ‘बरोबर’ दाबलं आणि पडदा टांगेवाल्यासमोर धरला.

त्यावर होतं दोन गुणिले दहा, आणि दहाच्या डोक्यावर बारीक दोन.

टांगेवाल्याने ते नीट वाचलं. मग घोड्याकडे पाहिलं.

“ये क्या साब,” तो म्हणाला, “दो मेरे, और ये ऊपर का बारीक दो घोड़े का?”