आप्पांची तलंग

आप्पांना पिल्लू दाखवायचं म्हणजे आधी चहा. चहा संपला की डालग्याखाली हात घालून ते एक पिल्लू उचलतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि दोन बोटांत पाय धरून पिल्लाला उलटं लोंबकळवतात. मान वर करून फडफडलं तर कोंबडा, गप लटकलं तर तलंग. ‘लिहून ठेव,’ हेही वर सांगतात. लिहून कोणी ठेवत नाही, म्हणून तर आप्पांचं बरं चाललंय.

खुडूक कोंबडी बसवायची तर अंडीही तेच निवडून देतात. गोल अंडं तलंगीचं, टोकदार कोंबड्याचं. हा वाद फार जुना. ॲरिस्टॉटल म्हणे लांबट टोकदार अंड्यातून मादी निघते. रोमचा प्लिनी म्हणे, छे, गोल अंड्यातून. आप्पा प्लिनीच्या पार्टीतले, पण हे त्यांच्या गावीही नाही. अंड्याच्या आकाराचा आणि नर-मादीचा खरं तर काडीचा संबंध नाही. पक्ष्यांत ते आईच्या बाजूनं ठरतं, माणसांत बापाच्या. जनावरांच्या डॉक्टरांनी हे पारावर समजावलं तेव्हा आप्पा पटकन म्हणाले, “म्हंजे सुनंला बोल लावायचा तर कोंबड्यांच्यात लावावा, आपल्यात न्हवं.” एवढं एक वाक्य सोडलं, तर डॉक्टरांचं बाकी काही त्यांनी मनावर घेतलं नाही.

डॉक्टरांनीच एकदा जपानची गोष्ट सांगितली. मासुई आणि हाशिमोतो या जपानी शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार अलगद उघडून नर-मादी ओळखायची रीत शोधली. आत बारीकसा उंचवटा असतो, तो पारखायचा. त्यात तयार झालेली माणसं तासाला शेकड्यांनी पिल्लं निवडतात. आप्पांनी तोंड वाकडं केलं. “लेकराची अब्रू काढून सांगायचं, त्यात कसली हुशारी?”

गिऱ्हाइकाचं म्हणाल तर सगळ्यांना तलंगच हवी. दारात सात-आठ कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो; दुसरा आला की मारामारी, तिसरा आला की जत्रेची वाट बघायची. घरोघर मुलीच मागतात असा आमच्याकडे हा एवढाच व्यवहार.

मागे शेजारच्या वहिनींनी टेम्पोवाल्याकडून गिरिराजची सहा पिल्लं घेतली. आप्पांनी सहाही लोंबकळवली. “पाच तलंगा. डोळं झाकून ठेव.” वहिनींनी अंड्यांची गिऱ्हाइकंसुद्धा बोलून ठेवली. दीड महिन्यात त्यातल्या चौघांचे तुरे लालभडक झाले, पाय जाड झाले. पुढं शेपटीच्या मुळाशी चकचकीत टोकदार पिसं लोंबायला लागली, आणि एका पहाटे गळ्यात काटा अडकल्यासारखी पहिली बांग ऐकू आली.

“आप्पा, तुमची तलंग आरवतीय.”

“आरवू दे. तलंगच हाय ती. कोंबडीचं अंडाशय बिघडलं की ती आरवती. डाक्टरला इचार.”

आता हे खरं आहे, आणि तिथंच आप्पांची खरी करामत. कोंबडीचं डावं अंडाशयच काय ते कामाचं असतं. ते निकामी झालं तर एखादीला तुरा येतो, कोंबड्याची पिसं येतात, ती बांगही देते. पण हे होतं क्वचित, आणि बहुधा वय झालेल्या कोंबडीत. चार पोरींना एकाच महिन्यात कसं झालं, असं वहिनींनी विचारलं. आप्पांनी आभाळाकडं बघितलं. “पाणी बदललं असंल.”

तरी आप्पांची कीर्ती कमी होत नाही. ज्या प्रश्नाला दोनच उत्तरं, त्यात निम्म्या वेळा बरोबर यायला विद्या लागत नाही, ठामपणा लागतो. आणि चुकलेला निम्मा भाग लोक जत्रेत खाऊन टाकतात. पुरावाच उरत नाही.

तेव्हा पिल्लं घेतलीत तर आप्पांना जरूर दाखवा, त्यांना बरं वाटतं. फक्त जेवढ्या तलंगा हव्यात त्याच्या दुप्पट पिल्लं घ्या आणि तीन महिने दम धरा. मग पाठीच्या उतारावरची, शेपटीच्या मुळाजवळची पिसं बघा. लांब नि टोकदार असली तर कोंबडा, टोकाला गोल असली तर तलंग. तोवर अंड्यांची गिऱ्हाइकं बोलू नका.