पॉशनाना

शब्दांची मुळं उकरून दाखवणारा एक तरी माणूस तुमच्या ओळखीत असेलच. न्हावा शेव्यात आमच्या वाट्याला पॉशनाना आले. उलव्यातला फ्लॅट पॉश, हळदीचा मांडव पॉश, म्हावऱ्याचं ताटसुद्धा पॉश. आणि ऐकणारा तावडीत सापडला की लगेच, “पॉश म्हणजे काय, ठाऊक आहे? पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम! विलायतेहून मुंबईला येताना पी अँड ओच्या बोटीत डावीकडची केबिन, परतताना उजवीकडची. दोन्ही वेळा सावली. बड्या साहेबांच्या तिकिटावर ही चार अक्षरं छापलेली असायची.”

असं तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. लंडनच्या टपोरी बोलीत पॉश म्हणजे आधी चिल्लर पैसा, मग छानछोकी करणारा गडी. बोटीची कथा मागाहून चिकटली. हे नानांना सांगून पाहिलं. “सापडेल कसं? साहेब लोक तिकीट फेकतात होय?”

नानांचा नियम पक्का : जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. एसटीत, रिक्षात, पंगतीतसुद्धा. पनवेलला जाताना तो चालतो, तोंड पूर्वेला असतं. अटल सेतूवरून मुंबईला निघालं की गणित उलटतं. डिसेंबरच्या उन्हात नाना जाताना भाजतात, येताना पुन्हा भाजतात. जागा बदलत नाहीत.

नाना बोटीत बसले ते मोरा ते भाऊचा धक्का, लाँचमध्ये. तिथे कसली केबिन! आणि आमच्या बंदरात येतात त्या बोटींतून खोके उतरतात, माणसं नाहीत. १९८९ मध्ये ते सुरू झालं, त्यात नानांच्या वडिलांची भातखाचरं गेली. त्याआधी, १९८४ च्या जानेवारीत, जमिनीच्या भावासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण गेले. त्याबद्दल नाना चकार शब्द काढत नाहीत. १९९९ मध्ये मात्र तीच पी अँड ओ इथं टर्मिनल चालवायला आली, तेव्हा नानांनी गावभर पेढे वाटले. नोकरी मिळाली ती गेटवर, ट्रेलरचे कागद तपासायची. पुढे २००६ मध्ये कंपनी दुबईवाल्यांनी घेतली. नानांनी ते मनावर घेतलं नाही.

प्रवासात नानींना मात्र नाना हटकून दुसऱ्या बाजूला बसवतात. “तू तिकडं बस, तुला पॉशबिश झेपायचं नाही.”

मी एकदा नानींना म्हटलं, समजवा की त्यांना.

सावलीतून नानी म्हणाल्या, “जमीन गेली, बोट काय मिळाली नाही. ऊन तरी साहेबाचं खाऊ दे त्यांना.”