फिरतंय अजून

पुतण्याच्या मुंजीला चार वर्षं झाली. मुंजीचे फोटो मी काढले. म्हणजे कॅमेऱ्याने काढले. कॉम्प्युटरमधून ते अजून निघायचे आहेत. बटूला आता मिसरूड फुटायला लागलंय आणि त्याचा तो मुंडावळ्या बांधलेला गोटा अजून माझ्या हार्डडिस्कवर रंगशुद्धीच्या रांगेत उभा आहे.

वहिनी दर सणाला फोन करतात. "भावजी, झाले का हो फोटो?" मी दर सणाला खरं तेच सांगतो. "वहिनी, सॉफ्टवेअर फार स्लो चालतंय हो."

स्लो म्हणजे किती, ते सांगतो. पुढच्या फोटोसाठी बाणाची कळ दाबायची. आधी पडद्यावर एक धूसर गोळा येतो. तो बटू आहे की बटाटा, हे सांगता येत नाही. मग खाली 'लोडिंग' अशी पाटी आणि मधोमध गरगरणारी चकरी. मी उठतो, चहाचं आधण ठेवतो, आलं किसतो, उकळी आणतो आणि कप घेऊन परत येतो. बटूचं नाक आलेलं असतं. कान यायचे असतात. असे २,३०० फोटो. त्यातले १४ तर मातृभोजनाच्या एकाच घासाचे, कारण कॅमेऱ्याचं बटण मी दाबून धरलं होतं.

भिगवणला फ्लेमिंगो बघायला आमचा जो कंपू जातो, त्यात प्रत्येकाकडे यावर औषध आहे. आमच्यात एक वेळ लेन्स उसनी मिळणार नाही, पण सल्ला मिळतो. "रॅम वाढव" म्हणाले. ८ जीबीची १६ केली. चकरी तशीच फिरत राहिली, फक्त आता जरा ऐसपैस फिरू लागली. "ग्राफिक्स कार्ड घे" म्हणाले. त्याची किंमत ऐकून ही म्हणाली, "अहो, एवढ्यात मुलाची दुसरी मुंज होईल."

दिवाळीत भाचा आला. हिंजवडीला असतो, कॉम्प्युटरचंच काहीतरी करतो. खुर्चीत बसला आणि नाडी बघावी तसा माउस धरून विचारलं, "मामा, कॅटलॉग कुठे ठेवलाय?"

"कुठे म्हणजे? हार्डडिस्कवर. फोटोंच्या शेजारी. सगळं एका जागी बरं."

त्याने डोळे मिटले. पेशंट 'गोळ्या मीच बंद केल्या' म्हणाला की डॉक्टर मिटतात तसे.

मग त्याने जे समजावलं ते मला माझ्या भाषेत कळलं ते असं. कॅटलॉगमध्ये फोटो नसतातच. तो सातबारा आहे. सातबाऱ्यावर जमीन नसते, जमिनीची नोंद असते: गट क्रमांक, मालक, पीक. तसा फोटो कुठे आहे, किती तारे दिले, उजेड किती वाढवला, एवढंच तिथे लिहिलेलं. स्लायडर हलवला की मूळ फोटोला धक्का लागत नाही, फक्त एक फेरफार चढतो. (एकदा मी विंडोजमधून परस्पर फोल्डर हलवला होता, तेव्हा शेकडो फोटोंवर प्रश्नचिन्हं उगवली होती. जमीन जागेवर नव्हती, उतारा होता. हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही.) आत एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस असतो, आपल्या मोबाईलमध्येही तोच. एक फोटो उघडायला त्यात बारीकसारीक शंभर ठिकाणी बघावं लागतं. माझी हार्डडिस्क तबकडीची, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी. दर नोंदीसाठी सुई उचलायची, योग्य जागी न्यायची, तबकडी फिरून येईपर्यंत थांबायचं. तलाठ्याने एकेका ओळीसाठी कपाटापर्यंत जाऊन यावं, तसं. भाच्याने कॅटलॉग लॅपटॉपमधल्या एसएसडीवर नेला. तिथे फिरणारं काहीच नसतं.

"आणि मामा, हे चेहरे शोधणं चालू का ठेवलंय?"

ते मीच मोठ्या हौसेने चालू केलं होतं. सॉफ्टवेअर पाठीमागे दिवसरात्र माणसं ओळखत बसलेलं. त्याला मखरातल्या उंदरात माणूस दिसला होता, दोन मोदकांत दिसला होता आणि सोवळ्यातल्या आमच्या काकांखाली त्याने काकूंचं नाव सुचवलं होतं. 'बरोबर आहे का?' असंही विचारलं होतं. बंद केलं.

मग त्याने कासच्या पठाराचा एक फोटो उघडला आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्या आभाळात सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके होते. मी ते एकेक करून पुसले होते. १४३. "मामा, आता वर तुम्ही लेन्सचा बाक सरळ केला की हे १४३ ठिपके परत मोजायला लागतात त्याला." मी म्हटलं, "मग पुसायचे नाहीत?" तो म्हणाला, "सेन्सर पुसायचा."

एका बाबतीत मात्र मला त्या यंत्राची दया आली. सेन्सरवरचा एकेक टिपका एकच रंग बघतो. निम्मे हिरवा, उरलेल्यांतले अर्धे लाल, अर्धे निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही जाळी, १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरायचे. म्हणजे रॉ फाइल उघडताना २४ मेगापिक्सेलच्या प्रत्येक टिपक्यापाशी सॉफ्टवेअर शेजारी चौकशी करत हिंडतं. आमच्या सोसायटीत एका माणसाची चौकशी करायला दुपार जाते.

शेवटी भाचा टेबलाखाली वाकला आणि तिथूनच ओरडला, "मामा! ही चार्जरची केबल आहे!"

होती. माझ्या जुन्या मोबाईलची. या हार्डडिस्कचं तोंड जोडखिडकीसारखं असतं, एक मोठी, एक छोटी. मोठीत चार्जरची पिन चपखल बसते. डिस्क चालते, दिवा लागतो, माणूस समाधानी राहतो. फक्त वेग सेकंदाला फार तर ४८० मेगाबिट. डिस्कबरोबर आलेल्या निळ्या तोंडाच्या केबलचा ५ गिगाबिट. मोटारीला दोरी बांधून बैलाने ओढावी आणि वर रॅम वाढवावी, असं माझं चार वर्षं चाललं होतं. मूळ केबल कुठे गेली, ते हिला आठवलं. माळ्यावर. मखराचं खोकं तिने बांधलं होतं.

केबल लागली. रात्रभर पूर्ण आकाराचे प्रीव्ह्यू बनवायला लावून आम्ही झोपलो. सकाळी बाणाची कळ दाबली आणि बटू टचकन समोर. नाक, कान, घेरा, सगळं एकदम. दाबली, भिक्षावळ. दाबली, वहिनी. दाबली, परत वहिनी, डोळे मिटलेल्या. मातृभोजनाच्या त्या एका घासाचे १४ फोटो सिनेमासारखे धावले. चहा ठेवायलाही वेळ नाही.

आणि मग ते लख्ख दिसलं. निम्मे फोटो हललेले. होमाच्या धुरात भटजींचा फक्त हात. सगळ्यात महत्त्वाच्या क्षणी, बटूच्या कानात मंत्र सांगताना, माझा फोकस मागच्या पंख्यावर. पंखा मात्र अप्रतिम आलाय. त्याची धूळसुद्धा मोजता येते.

भाऊबीजेला फोन वाजला.

"भावजी, भाचा येऊन दुरुस्त करून गेला म्हणे? मग आता होतील ना फोटो?"

"एक मिनिट हं वहिनी, बघून सांगतो," असं म्हणून मी फोन मानेखाली धरला, निळी केबल अलगद काढली आणि चार्जरची शोधू लागलो.