वेलस्लीसाहेब, पेन्शन पुरत नाही!

मार्क्विस रिचर्ड वेलस्लीसाहेब, माजी गव्हर्नर जनरल,
हल्ली मुक्काम ईटनच्या शाळेचे प्रार्थनागृह, यांसी

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्याकडे साठी गाठलेल्या मंडळींत सध्या एकच चर्चा आहे : निवृत्तीनंतर राहायचे कुठे? पुणे परवडत नाही, मुंबईचे नाव काढायचे नाही, कोकणातल्या घराला वाटेकरी सतरा. अशात कोणीतरी कुंभकोणमजवळच्या एखाद्या ज्येष्ठांच्या वसाहतीचे माहितीपत्रक घेऊन येतो. त्यात कावेरी असते, भाताची हिरवी खाचरे असतात, चार नारळ असतात आणि ‘जवळच गोविंदपुरमला पंढरपूरच्या धर्तीचे विठ्ठल-रखुमाईचे मंदिर’ असे ठळक अक्षरांत असते. आमची विकेट तिथेच पडते. खर्चाचा तक्ता मागच्या पानावर असतो, बारीक अक्षरांत.

या विषयात सल्ला घ्यावा तर कोणाचा? तंजावरात माणसाला निवृत्त करण्याचे शास्त्र तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे! म्हणून हा पत्रप्रपंच.

२५ ऑक्टोबर १७९९. तंजावरचे सरफोजीराजे भोसले यांना बावीस वर्षे पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता. आमच्याकडे या वयात पोरे एमपीएससीचा पहिला अर्ज भरतात. राजांना गादीवर बसून दीड वर्षही झाले नव्हते. तुमच्या माणसांनी तहनामा पुढे ठेवला आणि एका सहीत त्यांना सेवानिवृत्त केले. निरोप समारंभ नाही, शाल-श्रीफळ नाही. अटी मात्र चोख होत्या. कावेरीच्या सगळ्या त्रिभुज मुलखाचा कारभार कंपनीचा. राजांकडे तंजावरचा किल्ला, ‘महाराज’ ही पदवी, वर्षाला एक लाख स्टार पागोडे, म्हणजे साडेतीन लाख रुपये, आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा.

त्या पाचव्या हिश्श्याबद्दल मात्र तुम्हाला मानले पाहिजे. पीक वाढले, वसूल वाढला, की पेन्शन वाढणार! आमच्या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला तेवढीही सोय नाही. २०१४ साली किमान पेन्शन दरमहा हजार रुपये ठरली आणि महागाई भत्ता तिच्या वाटेला कधी फिरकलाच नाही. ‘निव्वळ’ म्हणजे किती, हे ठरवणारी लेखणी तुम्ही कंपनीच्या हातात ठेवलीत, ती गोष्ट निराळी. वजावटीचा रकाना कोणत्या सरकारने पेन्शनरच्या हातात दिला आहे?

तुमचा हिशेब सरळ होता. राज्य गेले की राज्याचा खर्च गेला. फौज नको, वसुली नको, न्यायनिवाडा नको. मग उरले काय? दोन वेळचे जेवण आणि चार नोकर. साहेब, इथेच तुम्ही चुकलात आणि तुमच्यानंतर पेन्शन ठरवणारा प्रत्येक जण इथेच चुकत आला आहे. कामावर असलेल्या माणसाचा दिवस काम खाते. रिकाम्या माणसाला दिवस विकत घ्यावा लागतो.

त्यातून जागा कोणती, तर तंजावरचा किल्ला! अख्ख्या कावेरीकाठी निवृत्तीसाठी याहून महाग जागा शोधूनही सापडली नसती. आधीच्या राजांच्या राण्या, त्यांचे आप्त, पिढीजात मानकरी, पंडित, गवई, कारकून, देवळांचे उत्सव आणि ‘महाराज’ म्हटले की पुढे येणारा प्रत्येक हात. तुम्ही पदवी ठेवलीत आणि उत्पन्न काढून घेतलेत. म्हणजे लग्नाचा मांडव तसाच ठेवून फक्त आहेराची पाकिटे तेवढी घेऊन गेलात.

एखादा म्हणेल, राजांनी मग खेड्यात जाऊन स्वस्तात राहायचे. तोही प्रयोग घरातच झाला होता. गादीवरून उतरवलेले त्यांचे चुलते अमरसिंह यांना कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूरला पाठवले होते, वर्षाला पंचवीस हजार पागोडे देऊन. गाव लहान, शेत दारात, खर्च कमी, असा कागदावरचा हिशेब. पण दरबार मागोमाग गावात आला. गवई आले, आश्रित आले. पुढे गोपाळकृष्ण भारतींसारख्या तमिळ कवीला तिथे हिंदुस्थानी संगीत ऐकायला आणि शिकायला मिळाले. खेडे स्वस्त होते ते तिथल्या लोकांना. अमरसिंह गेले, तिथे त्यांच्या खर्चासकट गेले.

हे आम्हालाही लागू आहे. डेल्टातले गाव कोणाला स्वस्त पडते? ज्याची नंजै (भाताची ओली शेती) आहे, घरचे तांदूळ आहेत, शेजारी चुलतभाऊ आहे आणि रात्री ताप चढला तर ज्याला भाषा येते, त्याला. बाहेरून आलेल्या सत्तरीच्या जोडप्याला तेच गाव महाग. औषध कुंभकोणमहून, डॉक्टर तंजावरहून, विमान तिरुचिरापल्लीहून, आणि प्रत्येक खेपेला गाडी भाड्याची. घर घ्यायचे तर तामिळनाडूत खरेदीखताला सात टक्के मुद्रांक शुल्क आणि वर दोन टक्के नोंदणी फी. पन्नास लाखांच्या घरामागे साडेचार लाख. महाराष्ट्रात नोंदणी फी निदान तीस हजारांवर थांबते. मोठ्या गृहसंस्थेत देखभालीची वर्गणी महिना साडेसात हजारांपलीकडे गेली की तीवर अठरा टक्के जीएसटी. माहितीपत्रकातली कावेरी मात्र करमुक्त आहे. तीही जूनमध्ये मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडले तर येते, नाहीतर वाळूच बघत बसायचे.

आता तुम्ही म्हणाल, ‘मी स्वतः काटकसरीने राहिलो.’ नका म्हणू साहेब, कागद आहेत. टिपूच्या पाडावाबद्दल कंपनीने तुम्हाला वीस वर्षांसाठी वार्षिक पाच हजार पौंड लावून दिले. आयर्लंडचे मार्क्विसपद मिळाले, तर ते तुम्हाला सोन्याचा दुहेरी मुलामा दिलेला बटाटा वाटले. कलकत्त्याला राहायला घर बांधलेत, त्याला त्रेसष्ट हजार पौंडांहून जास्त लागले आणि लंडनचे संचालक कपाळाला हात लावून बसले. एवढे करून उतारवयात तुम्ही इतके ओढगस्तीला आलात, की १८३७ साली त्याच कंपनीला तुमच्यासाठी आणखी वीस हजार पौंड मंजूर करावे लागले. म्हणजे पेन्शन पुरत नाही, हे तुम्हाला अनुभवाने कळले होते! फरक एवढाच, की तुम्हाला अर्ज करायला कंपनी होती. तंजावरच्या राजाचा अर्ज ज्याच्याकडे जायचा, तोच त्याचा लुटारू होता.

हो, राजांची पेन्शन पाचवा हिस्सा सोडूनही तुमच्या आठपट होती, हेही लिहितो. हिशेब लपवण्याची सवय आमची नाही. तुमच्या पाच हजारांवर एक बंगला चालायचा होता. राजांच्या साडेतीन लाखांवर एक शहर जगत होते.

त्या पैशाचे राजांनी काय केले, ते तुमच्या कानावर घालतो. २८ जानेवारी १८०१ रोजी त्यांनी तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहिले. पेन्शन वाढवा असे त्यात नव्हते. रामेश्वरच्या वाटेवरची आमची अन्नछत्रे तेवढी आमच्याकडे राहू द्या, असे होते. तिथे येणाऱ्याला जेवण, आजाऱ्याला वैद्य, बाळंतिणीची देखभाल, पोरक्या मुलांचे संगोपन, आणि वाटेत कोणी मेला तर त्याचे अंत्यसंस्कारही. काशीहून रामेश्वरला पायी निघालेले आमचे किती पूर्वज या छत्रांत जेवले असतील, कोण जाणे. ज्येष्ठांच्या वसाहतीची आजची माहितीपत्रके हीच यादी ‘प्रीमियम सुविधा’ म्हणून छापतात.

पुढे ऐका. १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा सगळा वंशेतिहास मराठीत कोरवून घेतला. राज्य हातात नव्हते, पण भिंत होती! तंजावरात देवनागरीचा छापखाना काढला आणि १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापले.  डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार करवले आणि त्यांची टिपणे चित्रांसह ठेवली. १८२० साली काशीयात्रेला निघाले, तेव्हा सोबत तीनेक हजारांचा लवाजमा होता. परतताना पोथ्या आणल्या. सरस्वती महाल हे ग्रंथालय भरत गेले : संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, वर युरोपातून मागवलेली हजारो पुस्तके. बाकीच्या संस्थानिकांसारखे त्यांनाही रिकामपण नाचगाण्याने भरता आले असते; त्याला खर्चही कमी आला असता.

आमच्या बाजीराव पेशव्यांचे उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. तुम्ही गेल्यानंतर, १८१८ साली, आठ लाखांची पेन्शन घेऊन ते गंगाकाठी बिठूरला गेले. रक्कम राजांच्या साडेतीन लाखांच्या दुपटीहून जास्त. बिठूरहून आमच्या वाट्याला आले काय, ते मला विचारू नका.

तुमच्या पद्धतीतला खरा खर्च मात्र मागे राहणाऱ्यांवर पडला. १८५५ साली सरफोजींचे चिरंजीव शिवाजीराजे निपुत्रिक वारले. डलहौसीसाहेबांच्या धोरणाने गादी खालसा झाली आणि ते पुढच्याच वर्षी स्वतः वार्षिक पाच हजार पौंडांची पेन्शन घेऊन घरी गेले. ऑक्टोबर १८५६ मध्ये कमिशनर फोर्ब्ज फौज घेऊन राजवाड्यात शिरले आणि राण्यांच्या खासगी मालमत्तेवरही ताबा घेतला. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई मद्रासच्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला : हे राज्याचे कृत्य, न्यायालयाला यात हात घालता येत नाही. १८६२ साली सरकारने मालमत्ता राण्यांना परत दिली, हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. आता माहितीपत्रक हातात आले, की आम्ही पहिला प्रश्न विचारतो : दोघांपैकी एक गेल्यावर मागे राहणाऱ्याच्या नावावर काय राहील? ठेव परत मिळेल का, घरात राहता येईल का, कोणाच्या सहीने? सगळे कागदावर घेतो, आणि कागद आपल्या वकिलाकडून वाचून घेतो. हा धडा कामाक्षीबाईंचा; त्यांनी फी भरली, आम्ही फुकट घेतला.

तेव्हा साहेब, आमचे ठरले आहे. स्वस्त जागा शोधायची नाही. म्हातारपणी पैसा कशावर जावा हे आधी ठरवायचे, मग तो जिथे त्यावर जाईल तिथे राहायचे. महाग पडले तर एक खोली कमी घ्यायची. कोणाला कुंभकोणम मानवेल, कोणाला आपले सदाशिव पेठेतले तिसऱ्या मजल्यावरचे बिनलिफ्टचे घर.

तुमच्याकडे एकच काम आहे. त्या तहनाम्यात कलमे बरीच घातलीत : किल्ल्याचे, पागोड्यांचे, वसुलाचे, फौजेचे. पेन्शन मिळाल्यावर हा माणूस करील काय, याचे कलम मात्र घालायला विसरलात. तेवढ्या फटीतून एक छापखाना आणि एक ग्रंथालय बाहेर पडले. आमच्या पेन्शनीचे नियम लिहिणारे तुमचेच वारस आहेत. त्यांना स्वप्नात जाऊन सुचवा, की तीही फट बुजवा. नाहीतर हे म्हातारे काय करून बसतील, याचा नेम नाही.

कळावे,
आपला पेन्शनर
(हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला सादर करणारा)