फॉरवर्डचा दाखल अंक

नागपूर जिल्ह्यातल्या मौद्यात 2320 मेगावॉट क्षमतेचं वीजकेंद्र आहे. म्हणजे उजेडाची टंचाई नाही. तरीही साखर कशाने उतरते आणि मुतखडा कशाने विरघळतो, हे आपण पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलच्याच उजेडात वाचतो. त्या फॉरवर्डच्या शेवटी 'जनहितार्थ' असं लिहिलेलं असतं. कुणी लिहिलं, तेवढं लिहायचं राहून जातं.

बेवारस कागद हाती आला की अस्वस्थ होणारा माणूस गावात एकच. ग्रंथपाल. पुस्तक आलं की तो दाखल नोंदवही उघडतो. लेखक कोण, प्रकाशक कोण, साल कोणतं, आवृत्ती कितवी, किंमत किती? एवढी विचारपूस सोयरीक जमवतानाही होत नाही. सगळं नोंदलं गेलं की दाखल अंक पडतो आणि मगच पुस्तक कपाटात जातं. तिथंही जागा ठरलेली. ड्यूईच्या वर्गीकरणात ज्योतिष 133 मध्ये आणि आरोग्य 613 मध्ये. मध्ये भिंतभर पुस्तकं. मोबाइलमध्ये दोघं एकाच खाटेवर झोपतात.

म्हणून म्हणतो, आरोग्याच्या खात्रीलायक माहितीचे कार्यक्रम ग्रंथपालांनी घ्यावेत. लगेच प्रश्न येतो, ''काऊन जी, वाचनालयवाले आता सुई लावणार का?'' नाही भाऊ. उपचार डॉक्टरच करील. सांगणारा कोण, त्यानं कधी सांगितलं आणि त्यात तो काय विकतो, एवढंच ग्रंथपाल विचारील. गल्ल्यावर बसलेल्याला हे तीन प्रश्न आवडत नाहीत, यातच त्यांचं मोल आलं.

कल्पना नवी नाही. डॉ. अनिरुद्ध आणि डॉ. अंजली मालपाणी यांनी मुंबईत 1997 मध्ये रुग्णांसाठी 'हेल्प' नावाचं मोफत आरोग्य ग्रंथालय काढलं आणि तिथं डॉक्टरांची व्याख्यानं ठेवली. ब्रिटनमधली ग्रंथालयं जुलैच्या सुरुवातीला आरोग्य माहिती सप्ताह पाळतात. आपल्याकडे 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी फोटोला हार घालतात आणि पुस्तक हातात धरून फोटो काढतात. वाचन उद्यापासून.

कार्यक्रम कसा करायचा, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. दहा फुटी बॅनर, त्यावर चौदा चेहरे, विषय कोपऱ्यात. पाहुणे दीड तास उशिरा. त्यांचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. डॉक्टरांना सात मिनिटं. विषय मधुमेह आणि शेवटी सगळ्यांना पेढा.

त्यापेक्षा हंगाम पाहून कार्यक्रम लावा. मौदा हा धानाचा मुलूख. रोवणीच्या आधी विषय एकच: साप. बांधीत चावला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, तोंडानं रक्त ओढू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता, सापाचं विष उतरवणारी लस असेल त्या दवाखान्यात माणसाला लवकर न्या. एवढं पाच मिनिटांत सांगून होतं. उरलेल्या वेळात सगळ्यांनी मिळून एक काम करायचं. जवळच्या कुठल्या दवाखान्यात ती लस आहे ते विचारून यायचं आणि वाचनालयाच्या दारावर तारीख घालून लिहायचं.

लग्नसराईच्या आधी विषय सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आजार परका नाही. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो, म्हणून पत्ता लागत नाही. रक्त तपासलं की लागतो. देशात 1 जुलै 2023 पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. आपल्या मांडवात 36 गुण मोजले जातात, हा सदतिसावा राहतो.

हिवाळ्याच्या तोंडावर खोकल्याची बाटली. इथे मात्र तिरकस लिहिता येत नाही. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची लेकरं नागपूरच्या दवाखान्यांत मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यांच्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. विष आई-बापांना दिसणं शक्य नव्हतं आणि तो दोष त्यांचा नव्हताच. पण क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन या जोडीचं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापा, हे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्येच सांगून ठेवलं होतं. खरी माहिती जन्माला येते, जावक क्रमांक घेते आणि फायलीत झोपते. खोटी माहिती तोवर चार तालुके फिरून येते.

आता ग्रंथपालाच्या घरात डोकावू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. वाचनालयांचे वर्ग अ, ब, क, ड. ड वर्गाला वर्षाला 30 हजार अनुदान होतं. 60 टक्के वाढ झाली, तेव्हा 48 हजार झालं. त्यातलं निम्मं पगाराला. त्या हिशेबानं महिन्याला 2 हजार रुपये. एवढ्यात त्यानं दार उघडायचं, वर्तमानपत्रं लावायची, धूळ झटकायची आणि आता आम्ही म्हणतो, गावाचं आरोग्यही बघा. इंटरनेटवर चमत्कारी काढा विकणारा तेवढे एका दिवसात कमावत असेल. मग गावानं कुणाचं ऐकावं, हे बाजारानं केव्हाच ठरवलंय.

थोडं ग्रंथपालांनाही. देणगीत आलेली 'सर्व रोगांवर रामबाण' छापाची पुस्तकं आधी कपाटातून बाद करा. त्यांनाही दाखल अंक आहे, हे खरं. पण दाखला असला म्हणजे प्रत्येक जण शहाणा असतोच असं नाही. आरोग्याचं पुस्तक जुनं झालं की ते ठेवा नसतं, धोका असतो.

आणि कार्यक्रमात एक वाक्य मोठ्यानं म्हणा: ''मला माहीत नाही, शोधून सांगतो.'' भोंदू हे कधी म्हणत नाही, फॉरवर्डला ते म्हणता येत नाही. खात्रीच्या माणसाची खूण तीच.

12 ऑगस्टला, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिन असतो. त्या दिवशी ग्रंथपालांना शाल देऊ नका, उकाड्यात ती काय कामाची? सकाळी आलेला एक फॉरवर्ड घेऊन वाचनालयात जा आणि विचारा, ''याचा दाखल अंक किती?'' उत्तर मिळेपर्यंत तो पुढे पाठवू नका.